टोळीचा तळ : नव्या मुकादमास पत्र



ऊसतोडीच्या टोळीचा तळ, म्हणजे हंगामाचे पाच-सहा महिने ज्या जागेवर कोप्या (झोपड्या) उभ्या राहतात ती जागा, कारखान्याच्या माणसाने दाखवावी आणि मुकादमाने ती मुकाट्याने पत्करावी, असा प्रघात बीड जिल्ह्यात इतका रुळला आहे की जागा निवडता येते हेच पुष्कळांच्या ध्यानातून गेले आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा बालाघाटाच्या डोंगराळ, पर्जन्यछायेतील तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, तेव्हा उचल (आगाऊ रक्कम) किती, तोडणीचा दर काय, टोळीत कोयते किती (नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो), यांवर आठवडेच्या आठवडे घासाघीस झालेली असते; परंतु ही माणसे निजणार कोठे, पाणी कोठून आणणार आणि बाया बाहेरला कोठे जाणार, यांविषयी करारात एक ओळही नसते. यंदा प्रथमच टोळी बांधणाऱ्या मुकादमाने ही ओळ लिहून घेण्याची सवय लावून घ्यावी, आणि त्यासाठी तळ कसा पारखावा हे आधी समजून घ्यावे, एवढ्याच हेतूने हे लिहिणे आहे.

प्रथम हे पाहावे की टोळी कोणत्या सेंटरची आहे. गाडी सेंटर म्हणजे बैलजोडी आणि टायरगाडी घेऊन जाणाऱ्यांचे; त्यांचा ऊस गाडीनेच कारखान्यावर जातो, म्हणून त्यांचा अड्डा कारखान्याच्या जवळपास पडतो, तेथे शेकडो कोप्या एकमेकींना खेटून असतात, आणि मुकादमाला निवड करायची ती फार तर अड्ड्यातील कोपऱ्याची. डोकी सेंटरच्या टोळीचे तसे नसते. ती मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरते, फडाच्या आसपासच्या गावात उतरते आणि तोड पुढे सरकली की स्वतःही सरकते, त्यामुळे एका हंगामात तिला दोन-तीनदाही तळ हलवावा लागतो. पहिल्या प्रकारात गर्दी हा मुख्य शत्रू, तर दुसऱ्या प्रकारात एकाकीपणा. पारख दोन्हीकडे लागतेच, पण तिचा रोख बदलतो.

जमिनीच्या बाबतीत बागायती पट्ट्यातील काळ्या रानाला भुलू नये. काळी माती पाणी धरून फुगते आणि वाळली की भेगाळते; नोव्हेंबरात किंवा मार्चात अवकाळीची एक सर आली तरी तिच्यावरची कोपी चिखलात बसते आणि अंथरूण-पांघरूण वाळायला चार दिवस लागतात. मुरमाड, किंचित उताराची, ओढ्याच्या पात्रापासून उंच असलेली जागा दिसायला ओसाड असली तरी राहायला तीच उत्तम, मग तेथून फड अर्धा किलोमीटर लांब पडला तरी चालेल. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला, खासगी पडीक असेल तर मालकाला विचारून घ्यावे. ऊसमालक आणि तळाच्या जमिनीचा मालक हे एकच असतील असे गृहीत धरल्याने हंगामाच्या मध्यावर कोप्या उचलण्याची पाळी येते.

पाण्याविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे, कारण तळाची खरी किंमत पाण्यावरच ठरते आणि ते पाणी पुरुष भरत नाहीत. बाई पहाटे चार-साडेचारला उठून भाकरी थापते, अंधारातच फडात पोचते, दिवसभर मोळ्या बांधते आणि दिवस मावळल्यावर परत येऊन पाण्याला जाते. अशा वेळी पाणी दोनशे पावलांवर आहे की दोन हजार, हा फरक तिच्या झोपेतून वजा होत असतो. पाहणीला जाणाऱ्याने ‘पाणी आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. विहीर कोणाची, तिच्यावर घागर बुडवू देतात की नाही, मोटार चालू असतानाच पाणी मिळते काय, वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात काय करायचे, कालव्याचे आवर्तन (म्हणजे ठरावीक काळाने सोडले जाणारे पाणी) संपले की विहीर किती खाली जाते, हे सगळे एकेक करून विचारावे. कालव्याचे आणि ओढ्याचे पाणी भांडी-कपड्यांना ठीक, पिण्याला नव्हे. कारखान्याच्या खालच्या अंगाला मळीचा वास येणारा ओढा असेल तर तेथे जनावरही पाजू नये. टीसीएल पावडर गावच्या ग्रामपंचायतीकडे असते; तिच्यातली थोडी मागून आरोग्य सेवकाकडून प्रमाण समजून घेतले, तर टोळीच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण अल्प खर्चात होते.

पाण्याला जोडूनच आडोशाचा प्रश्न येतो, आणि मुकादम पुरुष असल्यामुळे तो हमखास वगळला जातो. शौचालय नाही, न्हाणीला भिंत नाही, दिवस उजाडण्यापूर्वी फडात जायचे आणि अंधार पडेपर्यंत अवघडून राहायचे, म्हणून बाया पाणीच कमी पितात, त्यातून मूत्रमार्गाची दुखणी जडतात, पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखता येत नाही, आणि दुखणे अंगावर काढता काढता प्रकरण दवाखान्यात जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने चौकशी समिती नेमली, आणि त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्या शस्त्रक्रियांची कारणे अनेक आहेत आणि काही दवाखान्यांच्या लोभाचीही आहेत, परंतु त्यांतले एक कारण तळावरच रुजते हे नाकारता येत नाही. म्हणून तळ पाहायला जाताना मुकादमाने टोळीतील एखादी जाणती बाई बरोबर न्यावी. तिने नकार दिलेली जागा कितीही सोयीची वाटली तरी घेऊ नये.

अन्य देशांतही हंगामी मजूर असे तळ ठोकतात, आणि त्यांच्या तळाला कायद्याचे मोजमाप लागते.  अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील मिशिगन राज्यात चेरी तोडायला येणाऱ्या मजुरांच्या छावणीला परवाना लागतो. त्या देशाच्या हंगामी श्रमिक-छावण्यांच्या नियमांनुसार जागा निचऱ्याची हवी, दलदल किंवा डबक्यापासून २०० फूट दूर हवी, निजायच्या खोलीत माणशी ५० चौरस फूट जागा हवी, पंधरा माणसांमागे एक शौचालय या हिशेबाने सोय हवी आणि जनावरांची जागा राहण्याच्या व स्वयंपाकाच्या जागेपासून ५०० फुटांवर हवी. पाच माणसांच्या बिऱ्हाडाला २५० चौरस फूट हे माप लावले तर आपल्याकडची क्वचितच एखादी कोपी उत्तीर्ण होईल. आणि ५०० फुटांवर बैल बांधायला गाडीवान कधीही तयार होणार नाही, कारण बैल चोरीला गेला तर उचल फिटण्याचा मार्गच बंद होतो. तरीही निचरा, डबक्यापासूनचे अंतर आणि माणसांमागे शौचालये ही तीन मापे येथेही लागू करता येण्याजोगी आहेत, आणि बैल निदान उताराच्या खालच्या अंगाला बांधता येतात.

आगीचे भय कोपीच्या घडणीतच आहे. बांबूच्या कमानी, त्यांवर चटया किंवा पाचट (उसाचा वाळलेला पाला) आणि वरून ताडपत्री, असा सगळा पेटता माल असतो, आणि त्याच्या आत चूल. दोन कोप्यांत निदान एक गाडी जाईल एवढे अंतर ठेवावे, तळाभोवतीचे वाळलेले गवत खरवडून काढावे, आणि तोडलेल्या फडाच्या बांधाला लागून तळ देऊ नये, कारण ऊस गेल्यावर शेतकरी पाचट पेटवतो आणि वारा फिरला की जाळ बांध ओलांडतो. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून वाहतो. चुली पश्चिमेच्या अंगाला असल्या तर ठिणग्या कोप्यांवर न येता बाहेर जातात. मार्चनंतर वाऱ्याचा भरवसा राहत नाही, तेव्हा पाण्याने भरलेले एक पिंप हाताशी असावे.

साप आणि बिबट्या यांचे हिशेब वेगवेगळे आहेत. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. धान्य आणि पाचट यांनी उंदीर येतात व उंदरांमागे ती येते. गोदडीखाली नीट खोवलेली मच्छरदाणी हा तिच्यावरचा साधा उपाय. त्याहून महत्त्वाचे हे की सर्पदंशावरची लस कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे आणि १०८ ची रुग्णवाहिका तळापर्यंत कोणत्या रस्त्याने येईल, हे उतरण्याच्या दिवशीच माहीत असावे. बिबट्याचे म्हणावे तर जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या भागांत तो उसातच राहतो, तेथेच त्याची मादी विते, आणि तोड जसजशी पुढे सरकते तसतसा त्याचा आडोसा कमी होऊन तो उरलेल्या फडात दाटतो. अशा तालुक्यांत कोपीचे तोंड उसाकडे कधीही नसावे, मधे मोकळे रान असावे, संध्याकाळनंतर पोर एकटे बाहेर बसवू नये, आणि उष्टे-खरकटे तळाजवळ टाकू नये, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांवर बिबट्या येतो.

लहान मुलांच्या दृष्टीने पाहिले तर सर्वांत घातक वस्तू दोनच, ट्रॅक्टर आणि कालवा. वाहने रात्रीबेरात्री भरायला येतात, मागे घेताना चालकाला खाली निजलेले मूल दिसत नाही. म्हणून वाहन वळवण्याची जागा आणि निजण्याची जागा यांच्यात दगडांची ओळ तरी घालावी. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या काठाला तर तळ देऊच नये, कारण त्याच्या गुळगुळीत उतारावरून घसरलेल्या मुलाला वर यायला पकड मिळत नाही. विजेच्या तारांखाली कोपी बांधू नये, आकडा टाकू नये. सौरदिवे घेतलेले बरे. अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा जवळ असेल तर बरेच, परंतु शाळेच्या वयाची मुले शक्यतो गावीच आजी-आजोबांपाशी, हंगामी वसतिगृहाच्या आधाराने ठेवावीत, अथवा २०२१ मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत जागा मिळते का हे दसऱ्याच्या आधी पाहावे. रेशन आता दुसऱ्या गावीही उचलता येते. कार्डे बरोबर न्यावीत.

हे सर्व मागायचे केव्हा, हा या पत्रातील अवघड भाग आहे. गाड्या भरून निघाल्या, उचल वाटून झाली, की मुकादमाच्या हातात काहीही उरत नाही. कारखान्याचा चिटबॉय (तोडीची चिठ्ठी देणारा) दाखवील तेथे उतरावे लागते. याउलट भाद्रपद-आश्विनात, कारखान्याला टोळी हवी असते आणि करार व्हायचा असतो तेव्हा, तळाची जागा, पिण्याच्या पाण्याचा टँकर, फिरती शौचालये आणि कोपीचे बांबू-चटया या चार गोष्टी कागदावर आणता येतात, आणि कारखान्याच्या गट कार्यालयाच्या माणसाबरोबर जाऊन जागा डोळ्यांनी पाहता येते. केवळ कायद्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. १९७९ च्या स्थलांतरित कामगारांच्या कायद्याने राहण्याची सोय ठेकेदारावर टाकली खरी, पण तो कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून बेळगावकडे गेलेला कोयता त्यात बसे, आणि बीडहून कोल्हापूरला गेलेला मात्र बसत नसे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आता आहे, त्यासाठी गाळप होणाऱ्या उसावर टनामागे आकारणीही ठरलेली आहे. टोळीतील प्रत्येक कोयत्याची नोंदणी करून ओळखपत्र काढणे मुकादमाचेच काम समजावे.

तळ हलवण्याची पाळी आली तर नवी जागा पाहिल्याशिवाय जुन्या कोप्या मोडू नयेत, आणि हलवण्याचा दिवस मजुरीशिवाय जातो म्हणून त्याची भरपाईही करारातच बोलून ठेवावी. वडवणीकडच्या दोन टोळ्या यंदा आपल्या टोळीच्याच कारखान्याला जाणार असल्याचे ऐकण्यात आहे. त्यांच्या मुकादमांना बरोबर घेऊन एकाच दिवशी पाहणी केली तर गाडीचा खर्च वाटला जाईल आणि गट कार्यालयातही तिघांचे म्हणणे एका माणसाच्या म्हणण्यापेक्षा लवकर ऐकले जाईल. घटस्थापनेच्या आत जाऊन यावे.