वालाच्या मुळावरच्या गाठी

आमच्याकडे भात कापला की त्याच शेतात ओलीवर वाल पेरतात. मी एक रोप उपटलं, तर मुळांना बारीक गाठी! मला वाटलं, रोग पडला. सगळा वाल जाणार. बाबा म्हणाले, "आधी गुरुजींना दाखव."

गुरुजींनी गाठ फोडली. आतून ती गुलाबी निघाली. गुरुजी हसले. म्हणाले, "हा रोग नव्हे, खताचा कारखाना!"

गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र झाडाला देतात. झाड त्यांना साखर देते. १८८८ साली बायरिंक या शास्त्रज्ञाने हे जिवाणू शोधले. गुलाबी गाठ म्हणजे काम चालू आहे.

आता आम्ही वाल उपटणार नाही, विळ्याने कापणार. मुळं कुजली की थोडा नत्र पुढच्या भातालाही मिळतो.