नोटिशीने मुदत थांबत नाही

प्रश्न : अडीच वर्षांपूर्वी नात्यातल्या एकाला बँकेतून दोन लाख रुपये हातउसने पाठवले. परतीची तारीख ठरली नव्हती, कागद केला नाही. वकिलामार्फत नोटीस दिली आहे. आता मुदतीची चिंता नाही ना? आणि कागदाशिवाय दावा चालेल का?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, दावा चालेल. बँकेचा उतारा हाच तुमचा मोठा कागद. मोबाइलवरचे ‘देतो, थोडं थांबा’ असे संदेशही पुसू नका. ते दाखल करताना सोबत विहित प्रमाणपत्र लागते.

नोटिशीबद्दल मात्र गैरसमज आहे. तिने मुदत थांबत नाही. तारीख ठरलेली नसेल, तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार पैसे दिल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल व्हायला हवा. तुमच्याकडे जेमतेम सहा महिने उरलेत. त्याआधी त्यांनी सही करून कर्ज लेखी कबूल केले, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. नातेवाईक तोंडी गोड बोलतात, सहीला कचरतात. म्हणून त्यावर विसंबू नका.

प्रतिवादी राहतो तिथल्या दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. वादपत्रात रक्कम, तारखा, दाव्याचे कारण केव्हा घडले आणि मागणी एवढेच नेमके लिहा. जुनी भांडणे नकोत. खाली सत्यापन, सोबत प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी आणि कोर्ट फी.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. तडजोडीचे दार दावा लावल्यावरही उघडेच असते.