मेक्सिकोच्या भिंतीवरची पंगत

काही वर्षांपूर्वी मेक्सिको शहरात जाण्याचा योग आला. चित्रकलेत मला गती नाही. तुळजापुरात दुकानांतून मांडलेल्या तसबिरी आणि आपल्या वसतिगृहाच्या सभागृहातील बाबासाहेबांचे तैलचित्र, एवढाच माझा चित्रांशी परिचय. म्हणून पुढील मजकूर जाणकाराचा नव्हे, प्रत्यक्ष पाहून आलेल्या माजी विद्यार्थ्याचा समजावा.

मेक्सिकोत १९१० साली क्रांती झाली आणि पुढे दहा वर्षे यादवी चालली. बहुसंख्य जनता निरक्षर होती. १९२१ मध्ये होसे वास्कोन्सेलोस शिक्षणमंत्री झाले. त्यांनी शाळा आणि वाचनालये काढलीच, शिवाय चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती दिल्या. अक्षर न येणाऱ्यालाही आपला इतिहास डोळ्यांनी वाचता यावा, ही त्यामागची दृष्टी. दिएगो रिवेरा, ओरोस्को आणि सिकेरोस ही तीन मोठी नावे त्या भिंतींवरून जगाला कळली. फ्रिदा काहलो यांचे निळे घरही मी पाहिले. १९२५ च्या बस अपघाताने जायबंदी झालेल्या या बाईंनी खाटेवर पडून, वर आरसा लावून स्वतःची चित्रे काढली. त्यांच्याविषयी आदर वाटला. पण मन गुंतले ते शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत.

तेथे रिवेरा यांनी १९२३ ते १९२८ या काळात शंभरांहून अधिक चित्रे रंगविली. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग द्यायचा आणि गिलावा वाळण्याआधी त्या दिवसाचा तुकडा पुरा करायचा, अशी ही रीत. आपल्या अजिंठ्याची रीत निराळी. तेथे माती-भुशाच्या लेपावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर रंग भरत. खाणकामगार, शेतमजूर, विणकर, खेड्यातील शिक्षिका असे कष्टकरी येथे भिंतभर उभे आहेत. मंत्र्यांच्या कचेरीत मजुराचे चित्र, हेच मला मोठे नवल वाटले.

खालच्या चौकाच्या चार कोपऱ्यांत ग्रीस, स्पेन, मेक्सिको आणि भारत या चार संस्कृती दगडात कोरल्या आहेत. भारताच्या कोपऱ्यात तथागत बुद्ध आहेत. इतक्या दूर, कोणी न सांगता ते भेटले. मी हात जोडले. पहारेकरी कुतूहलाने पाहत राहिला.

सर्वांत वरच्या मजल्यावर चित्रांच्या माथ्यावरून एक लाल फीत रंगविली आहे. तिच्यावर आपल्या पोवाड्यांच्या जातीच्या तिकडील लोकगीतांच्या ओळी आहेत. तेथेच ‘आमची भाकर’ या अर्थाच्या नावाचे १९२८ चे चित्र आहे. मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसे बसली आहेत, मागे डोक्यावर फळांची पाटी घेतलेली स्त्री, आणि मधला माणूस भाकर मोडतो आहे. तो चेहरा डॉ. पांडुरंग खानखोजे यांचा मानला जातो. हे वर्ध्याचे. गदर चळवळीतील क्रांतिकारक. इंग्रजांमुळे मायदेशाचे दार बंद झाले, तेव्हा मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगो येथील कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मका आणि गव्हाच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालविल्या. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

त्या चित्रापुढे मी फार वेळ उभा होतो. आमच्या गावी लग्नकार्यात माझी आजी घरून ताट घेऊन जाई आणि सर्वांचे उरकल्यावर मांडवाबाहेर बसे. वसतिगृहात पहिल्या रात्री मीही सवयीने दाराजवळच बसलो होतो. गुरुजींनी काही न बोलता मला उचलून मधल्या ओळीत बसविले.

परत आल्यावर आईला त्या चित्राचा फोटो दाखविला. तिने चष्मा लावून तो नीट न्याहाळला आणि विचारले, “वाढणारा कुठं बसलाय रं?”

“त्यांच्यातच, आई,” मी बोट ठेवून दाखविले.