बेघरांचा निवारा निवासी भागात चालतो का?

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरच्या बंद पडलेल्या महापालिका शाळेत बेघरांसाठी निवारा होणार आहे. भाग निवासी आहे. हरकत घेता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : घेता येईल, पण ‘भाग निवासी आहे’ एवढ्यावर ती टिकणं अवघड. निवासी विभागात शाळा, दवाखाने, वसतिगृहंही असतातच. खरा प्रश्न आरक्षणाचा. नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग-नकाशा घ्या. भूखंड शाळेसाठी आरक्षित असेल आणि ते आरक्षण बदलायचं असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ३७ प्रमाणे सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. सूचना दिसली नाही, तर माहिती अधिकारात विचारा.

मात्र निवारा ही महापालिकेची मेहेरबानी नव्हे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांत लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा सांगितली आहे, तीही बेघरांच्या वस्तीच्या आणि कामाच्या ठिकाणाजवळ. सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहायचं असलेला माणूस शहराबाहेरच्या निवाऱ्यात जाईल कशाला? तो पुलाखालीच झोपेल.

म्हणून विरोधापेक्षा अटी मागा. चोवीस तास काळजीवाहक, महिलांसाठी स्वतंत्र दालन, पुरेशी शौचालयं, सामानासाठी कुलूपबंद कप्पे. कचरा आणि सांडपाण्याची सोय कोण पाहणार, हेही लेखी घ्या. शक्य असेल तर देखरेख समितीत सोसायटीचा एक प्रतिनिधी द्या. आणि सुनावणीला जाण्याआधी त्या पुलाखाली झोपणाऱ्यांशी एकदा बोलून या.