टॉर्पेडो शिकवण्यापूर्वी

आइस हॉकीची नेहमीची मांडणी म्हणजे गोलरक्षकापुढे दोन बचावपटू आणि तीन आक्रमक. स्वीडनचे प्रशिक्षक हार्डी निल्सन यांनी ती मोडली. त्यांच्या टॉर्पेडो पद्धतीत पुढे दोन आक्रमक, म्हणजे टॉर्पेडो, मधे दोन हाफबॅक आणि मागे एकटा बचावपटू, म्हणजे लिबरो. त्यांच्या हाताखाली युर्गोर्डन संघाने २००० मध्ये स्वीडनचं विजेतेपद मिळवलं.

जयपूरजवळच्या बस्सीत मी मुलांना इनलाईन स्केट्सवर हॉकी शिकवतो. इथे बर्फ नाही, सिमेंटचं मैदान आहे. इनलाईन हॉकीत गोलरक्षक सोडून चारच खेळाडू असतात, म्हणून एक टॉर्पेडो कमी करून आम्ही ही पद्धत खेळलो. अशी वेगळी वाट धरू पाहणाऱ्या प्रशिक्षकांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, पद्धत कुठल्या जमिनीत उगवली ते पाहा. युरोपातलं बर्फाचं मैदान साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद. शिवाय १९९८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी आपल्या क्षेत्रातून मधली लाल रेषा ओलांडून थेट पास द्यायला मोकळीक दिली. लांब उभा टॉर्पेडो धोकादायक ठरला तो त्यामुळे. आमच्या आखूड मैदानावर तोच खेळाडू पुढे नुसता ताटकळत राही. पास मधेच अडे, दोन्ही हाफबॅक पुढे गेलेले असत आणि लिबरोवर दोघं-तिघं एकदम चालून येत. शेवटी आम्ही टॉर्पेडोला मागे, मध्यरेषेपर्यंत आणलं, तेव्हा खेळ जुळू लागला.

दुसरी, लिबरो आधी घडवा. आमची लिबरो खेळणारी मुलगी एकदा म्हणाली, “सर, दोघं आले तर मी कुणाला अडवू?” या प्रश्नाचं उत्तर सामन्याआधी तिच्याजवळ असायलाच हवं. चेंडूवर झेप घ्यायची नाही. दोघांच्या मधे राहून मागे सरकायचं, पासची वाट बंद करायची, फटका गोलरक्षकावर सोपवायचा. हे अंगवळणी पडेपर्यंत बाकीची मांडणी शिकवूच नका.

तिसरी, हाफबॅकना एकच नियम द्या: एक पुढे गेला की दुसरा थांबणार. मुलांना फळ्यावरचे दहा बाण आठवत नाहीत, जोडीदार कुठे आहे एवढं मात्र दिसतं.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका निकालावरून पद्धतीचा न्याय करू नका. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये निल्सन यांच्या स्वीडनने कॅनडाला ५–२ असं हरवलं. काही दिवसांतच उपांत्यपूर्व फेरीत बेलारूसकडून ते ३–४ असे हरले. व्लादिमीर कोपात यांनी लांबून मारलेला फटका गोलरक्षक टॉमी सालो यांच्या मस्तकावर आदळून जाळ्यात गेला. पहिल्या विजयाने पद्धत अजिंक्य ठरली नव्हती, आणि अशा एका गोलाने ती खोटीही ठरत नाही.

म्हणून गोलफलकाबरोबर वहीत आणखी नोंद ठेवा: चेंडू कुठे गमावला, लिबरो किती वेळा एकटी पडली, हाफबॅक वेळेत परतले का. हरल्यावर पालक जुनी मांडणी मागतात आणि मुलं हिरमुसतात. ही वही दोघांनाही दाखवा. लिबरो एकटी पडण्याचे प्रसंग कमी होत असतील तर धीर धरा. सरावानंतरही ते वाढतच असतील तर पद्धत बदला, कारण तिची किंमत मागे उभं राहणारं पोर मोजत असतं.