आरंभिक फ्रेंच आणि मराठी व्याकरणाची जाण

१. प्रास्ताविक

मराठीच्या अभ्यासकाला फ्रेंच भाषेची गरज का भासावी, या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या अभ्यासाच्या इतिहासातच आहे. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा पाया घालणारा ज्यूल ब्लॉक यांचा ग्रंथ १९२० साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर १९४१ साली आले. गी दलरी यांनी केलेला तुकारामांच्या निवडक अभंगांचा फ्रेंच अनुवाद १९५६ चा, तर ज्ञानदेवांच्या हरिपाठावरील शार्लोत व्होदव्हील यांचा फ्रेंच ग्रंथ १९६९ चा. हे साहित्य मुळातून वाचू इच्छिणारा विद्यार्थी विद्यापीठातील फ्रेंचच्या प्रारंभिक वर्गात दाखल होतो, तेव्हा व्याकरणाचे विवेचन त्याला बहुधा इंग्रजीच्या आधाराने मिळते. त्यामुळे जे फ्रेंच व मराठीत समान आहे, पण इंग्रजीत नाही, तेही त्याला परके वाटू लागते. मराठी व्याकरणाची जाण आरंभिक फ्रेंच शिकताना कोठे उपकारक ठरते आणि कोठे तिची मर्यादा येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. फ्रेंच उदाहरणे देवनागरीत दिली असून त्यांतील उच्चार अर्थातच स्थूल आहेत.

२. लिंगविचार

निर्जीव वस्तूंनाही व्याकरणिक लिंग असते, ही गोष्ट इंग्रजीच्या वाटेने येणाऱ्याला विलक्षण वाटते. मराठी भाषकाला मात्र खांब, भिंत आणि दार यांची तीन भिन्न लिंगे बालपणापासून परिचित असतात. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, एवढाच तत्त्वतः फरक. लिंगांची वाटणी मात्र जुळेलच असे नाही. सूर्य दोन्ही भाषांत पुल्लिंगी. चंद्र आणि समुद्र मराठीत पुल्लिंगी, तर फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. म्हणजे संकल्पना नव्याने शिकावी लागत नाही. प्रत्येक शब्दाचे लिंग तेवढे उपपदासह पाठ करावे लागते. विशेषणांचेही तसेच. 'मोठा, मोठी' हे विकारी आणि 'लाल' हे अविकारी, हा भेद ज्याला ठाऊक आहे, त्याला 'ग्राँ, ग्राँद' बदलते आणि तांबडा या अर्थाचे 'रूज' दोन्ही लिंगांत तसेच राहते, याचे नवल वाटू नये.

या दृष्टीने संबंधवाचक रूपे विशेष उद्बोधक आहेत. इंग्रजीत तृतीय पुरुषी एकवचनी रूप स्वामीच्या लिंगानुसार ठरते. ती सवय घेऊन आलेला विद्यार्थी 'तिचा भाऊ' म्हणताना 'सा फ्रेर' असे अशुद्ध रूप योजतो. मराठीच्या 'तिचा' या रूपात दोन घटक आहेत: 'ति' हा अंश स्वामिनीचे लिंग सांगतो, तर 'चा' हा प्रत्यय पुढील नामाशी जुळतो. फ्रेंचने यांतील दुसरीच जुळणी ठेवली आहे. म्हणून 'त्याचा भाऊ' आणि 'तिचा भाऊ' या दोहोंसाठी 'सोँ फ्रेर', आणि 'त्याची आई' व 'तिची आई' या दोहोंसाठी 'सा मेर'. 'चा' आणि 'ची' यांकडे लक्ष वेधले की, नियमाची निराळी फोड करावी लागत नाही.

३. प्रयोगविचार

मराठी व्याकरणाची सर्वांत मोलाची मदत भूतकाळाच्या प्रकरणात होते. इंग्रजीतील भूतकालवाचक कृदन्त लिंगवचनानुसार बदलत नाही. त्यामुळे फ्रेंच कृदन्ताचा मेळ हा निव्वळ लेखनाचा जाच वाटतो. मराठीच्या विद्यार्थ्याने मात्र कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शाळेतच अभ्यासलेले असतात. 'तो वारला, ती वारली' येथे क्रियापद कर्त्याशी जुळते. फ्रेंचमध्येही 'इल ए मॉर, एल ए मॉर्त'. 'तिने ग्रंथ लिहिला, तिने चिठ्ठी लिहिली' येथे क्रियापद कर्माशी जुळते. फ्रेंचमध्ये 'तिने लिहिलेले पत्र' अशा अर्थी 'ला लेत्र केल आ एक्रीत' म्हणताना कृदन्त स्त्रीलिंगी होते, कारण पत्रवाचक 'लेत्र' हा शब्द स्त्रीलिंगी आहे; ग्रंथ पुल्लिंगी असल्याने तेथे 'एक्री' एवढेच. येथील मेळ केवळ लेखनात नव्हे, कानालाही जाणवतो.

हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृतातील 'तेन पत्रं लिखितम्' या रचनेतले कृदन्त हे मुळात कर्माचे विशेषण. मराठीचा कर्मणी प्रयोग या परंपरेतूनच आला. लॅटिनमध्येही 'जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदासह येणारे कृदन्त कर्माचेच विशेषण होते आणि त्या रचनेतून फ्रेंचचा संयुक्त भूतकाळ घडला. दोन्ही भाषांनी त्या जुन्या विशेषणत्वाची खूण आपापल्या परीने जपली आहे.

परंतु साम्याची मर्यादाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मराठीत शब्दक्रम कसाही असो, प्रत्ययरहित कर्माशी मेळ होतोच. फ्रेंचमध्ये कर्म कृदन्ताच्या आधी आले तरच तो होतो. 'एल आ एक्री ला लेत्र' येथे कर्म नंतर असल्याने होत नाही. 'तिने मुलीला पाहिले' असा भावे प्रयोग मराठीत कर्माला प्रत्यय लागताच होतो. फ्रेंचमध्ये सर्वनामरूपी कर्म आधी आले की मेळ कायम राहतो. शिवाय मराठीतील प्रत्येक अकर्मक धातू फ्रेंचमध्ये 'असणे' हे सहायक क्रियापद घेत नाही. 'ती झोपली' याला 'एल आ दॉर्मी' असेच म्हणावे लागते. गमन आणि अवस्थांतर दाखविणाऱ्या काही धातूंची यादी म्हणूनच पाठ करावी लागते.

४. उच्चार व संख्यावाचन

उच्चारांच्या बाबतीत मराठी लिपी फसवी ठरू शकते. 'संत', 'अंक' यांतील अनुस्वार म्हणजे पुढील व्यंजनाच्या वर्गातील अनुनासिक व्यंजन. फ्रेंचमध्ये मात्र स्वरच अनुनासिक असतो. प्रमाण मराठीतून असे स्वर बहुतांशी लोपले आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वारही वगळले. परिणामी 'बोँ' याचा उच्चार 'बोन' होतो. कोकणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ही अडचण कमी जाणवते, कारण त्याच्या भाषेत अनुनासिक स्वर जिवंत आहेत. इतरांना हिंदीतील 'हाँ' उपयोगी पडतो.

ऐंशीला 'कात्र व्हँ', म्हणजे शब्दशः 'चार वीस', म्हणणारी संख्यापद्धती वर्गात चेष्टेचा विषय होते. ज्याच्या घरात 'चार विसा' असे मोजले गेले आहे, त्याला त्यात हसण्यासारखे काही दिसणार नाही.

५. समारोप

परभाषा परभाषेतूनच शिकवावी, मातृभाषेची लुडबूड नको, असा प्रत्यक्ष पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप असतो. संभाषणाच्या तासापुरता तो ग्राह्य आहे. पण व्याकरणाचे विवेचन जेव्हा इंग्रजीतून होते, तेव्हा मध्यस्थ भाषा टळलेली नसते. केवळ कमी उपयोगाची मध्यस्थ निवडलेली असते. ज्याचे इंग्रजी बेताचे आहे, असा ग्रामीण महाविद्यालयातून आलेला विद्यार्थी अशा वर्गात दोन परक्या भाषांचे ओझे वाहतो आणि पुष्कळदा ते न पेलल्याने वर्ग सोडतो. कर्मणी प्रयोग जाणणारा विद्यार्थी फ्रेंचच्या वर्गात रिकाम्या हाताने येत नाही. मराठी व फ्रेंच विभागांनी मिळून लिंग, संबंधवाचक रूपे आणि कृदन्तांचा मेळ या तीन प्रकरणांपुरत्या तुलनात्मक टिपणांची सिद्धता केली, तरी आरंभ होईल. त्यातून फ्रेंच सुलभ होईल. आणि परीक्षेपुरते घोकलेले मराठी व्याकरण हे भाषा समजून घेण्याचे साधन आहे, याचाही प्रत्यय विद्यार्थ्याला येईल.