जुनी मोटार विकत घेताना : दिल्लीचा धडा

गुडगावच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या मारुती ८०० मोटारीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली. त्यापूर्वी नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. साहजिकच जुनी अँबॅसॅडर किंवा फियाट घेणाऱ्यापुढे एकच प्रश्न असे : यंत्र धडधाकट आहे की नाही? दिल्ली आणि तिच्या परिसरात आज हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर गेला आहे. तेथे मोटारीचे आयुष्य यंत्राच्या झिजेने जितके ठरते, त्याहून अधिक ते कायद्याने ठरते. म्हणून ग्राहकाने प्रथम कागद वाचावेत आणि मगच यंत्राकडे वळावे.

वय आणि इंधन

हवेच्या प्रदूषणाला आळा घालण्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ आणि २०१५ मध्ये आदेश दिले. त्यांनुसार राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल मोटारी आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल मोटारी रस्त्यावर आणण्यास मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही मर्यादा कायम ठेवली. जुलै २०२५ मध्ये अशा मोटारींना दिल्लीतील पंपांवर इंधन नाकारण्याचा प्रयत्न झाला, पण काही दिवसांतच तो थांबवावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांविरुद्ध सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबरमध्ये हे संरक्षण ‘भारत स्टेज-४’ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरतेच मर्यादित केले.

इतिहास एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, एका वर्षाच्या आत नियमाने तीन रूपे घेतली. न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर विसंबून पैसे गुंतवणे शहाणपणाचे नाही. हिशेब मूळ मुदतीचाच धरावा. एक उदाहरण घेऊ. आठ वर्षे जुनी डिझेल मोटार ३ लाख रुपयांना मिळते आहे, आणि त्याच वयाची पेट्रोल मोटार साडेतीन लाखांना. वरवर पाहता पहिली स्वस्त. परंतु पहिलीची दोन वर्षे उरली आहेत, दुसरीची सात. म्हणजे दिल्लीतील वापराच्या प्रत्येक वर्षाला पहिलीसाठी दीड लाख, तर दुसरीसाठी पन्नास हजार रुपये पडतात. मुदत संपल्यावर डिझेल मोटार परप्रांतात विकता येईल हे खरे, पण ती विकण्याची घाई आपल्याला असेल आणि भाव दुसरा कोणी ठरवील.

हे वय प्रथम नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, शेवटच्या विक्रीपासून नव्हे. मोटार कोणत्या मानकाची आहे हेही पाहावे. राजधानी क्षेत्रात भारत स्टेज-४ हे मानक १ एप्रिल २०१० पासून लागू झाले आणि भारत स्टेज-६ हे देशभर १ एप्रिल २०२० पासून. हिवाळ्यात हवा फार बिघडली आणि प्रदूषण-प्रतिबंध योजनेचा तिसरा टप्पा जाहीर झाला, की दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद व नोएडा या भागांत स्टेज-३ च्या पेट्रोल आणि स्टेज-४ च्या डिझेल मोटारींना बंदी होते. ज्याला रोज मोटारीनेच कामावर जायचे आहे, त्याने हे दिवसही हिशेबात धरावेत.

कागदपत्रे

राजधानी क्षेत्रात दिल्लीबरोबर हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांचे जिल्हे येतात. त्यामुळे एकाच रस्त्यावर दिल्लीच्या, गुरुग्रामच्या एचआर-२६ च्या आणि नोएडाच्या यूपी-१६ च्या मोटारी धावताना दिसतात. करोलबागेतील पेढीवर उभी असलेली मोटार दिल्लीचीच असेल असे धरून चालू नये. नोंदणी दुसऱ्या राज्यातील असेल, तर ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि तेथील कर हे खर्च किमतीत मिळवावे लागतात.

नोंदणीपत्रावरील सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक मोटारीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा; विक्रेत्याने वाचून दाखवलेल्या आकड्यावर विसंबू नये. कर्जाचा बोजा नोंदलेला असेल, तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. न भरलेले दंड, पूर्वीचे मालक किती, मोटार कधी टॅक्सी म्हणून चालली होती काय, हेही विचारावे. दिल्लीत सीएनजीवर चालणाऱ्या मोटारी पुष्कळ. त्यांच्या बाबतीत गॅससंचाची नोंद नोंदणीपत्रावर असली पाहिजे आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झालेली असली पाहिजे.

यंत्राची तपासणी

मोटार दिवसाउजेडी पाहावी, आणि इंजिन आधी तापवून ठेवू नये असे विक्रेत्यास बजावावे. थंड इंजिन सुरू होताना आपले दोष लपवू शकत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिनात तेल जळते आहे. सतत निघणारा दाट पांढरा धूर म्हणजे थंडाव्याचे पाणी आत शिरते आहे. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर त्या मोटारीचा नाद सोडावा.

किलोमीटरचा आकडा हा पुरावा नव्हे, तो केवळ दावा आहे. ब्रेकच्या पायपट्टीचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले चाक आणि खचलेली चालकाची बैठक अधिक खरे बोलतात. टायरवर चार आकडी तारीख असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या मोटारीला चारही टायर नवे कशासाठी लागले, असा प्रश्न ग्राहकाला पडला पाहिजे.

जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी दिल्लीत २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि त्याच महिन्यात हिंडणच्या पुरात नोएडाजवळ शेकडो मोटारी बुडाल्या. पाण्यात राहिलेली मोटार धुऊनपुसून चकचकीत करता येते, पण तिच्या विजेच्या तारा हळूहळू सडत राहतात. सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग आहे का ते पाहावे. बैठकीखालील रुळांचा गंज, दिव्यांच्या काचेतील धुके आणि कुबट वास याही तिच्या खुणा आहेत. स्वतःचा मिस्त्री सोबत न्यावा. विक्रेत्याने सुचवलेला मिस्त्री नको.

व्यवहाराची पूर्तता

पैसे दिले, किल्ली घेतली, की खरेदी संपली असे बहुतेकांना वाटते. कायदा तसे मानत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, तर परराज्यात विक्री झाल्यास ४५ दिवसांत, आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते. त्यासाठी नमुने २९ व ३० भरावे लागतात. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवावे.

हा केवळ उपचार नव्हे. एका मालकाने २००७ मध्ये आपली मोटार विकली. ती पुढे आणखी काही हातांत गेली आणि २००९ मध्ये तिच्याखाली सापडून एकाचा मृत्यू झाला. नोंदवहीत नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले होते. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक आणि भरपाईही त्यानेच द्यावयाची. नोव्हेंबर २०२५ मध्ये लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत स्फोट झाला, तेव्हाही तपास पूर्वीच्या नोंदणीकृत मालकापासूनच सुरू झाला. ती मोटारही अनेक हातांतून गेली होती. तेव्हा नाव बदलून घेण्याची घाई विकणाऱ्यालाही तितकीच असावी. मध्यस्थामार्फत व्यवहार असेल, तर तो १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार अधिकृत विक्रेता आहे का, हे विचारावे.

दिल्लीहून महाराष्ट्रात

मुदत संपत आलेल्या दिल्लीच्या मोटारी स्वस्तात मिळतात आणि पुण्या-नागपूरच्या ग्राहकाला त्यांचा मोह पडतो. हा सौदा वाईटच असतो असे नाही. परंतु दिल्लीचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळेल काय, आपले परिवहन कार्यालय त्या वयाची मोटार नोंदवील काय आणि कर किती आकारील, या तीन प्रश्नांची उत्तरे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मिळवावीत. दोन दिवस उशिरा मिळालेली मोटार चालते. पण पैसे गेले आणि मोटार नोंदवता आली नाही, तर दारात फक्त लोखंड उभे राहते.